सुईत दोरा

गेली अठरा वर्षं आम्ही मुलांना प्रेमचंदांची ‘ईदगाह’ शिकवतो. उर्दूच्या तासाला उर्दूत, आणि मराठीच्या तासाला मुलं कंटाळली की गोष्ट म्हणून मराठीत. हमीद, त्याची दादी अमीना, खिशातले तीन पैसे, जत्रेतला लोखंडी चिमटा. पुस्तक न उघडता सांगता येईल इतकी ती पाठ आहे. म्हणून यंदाच्या स्नेहसंमेलनात तिचंच नाटक बसवायचं ठरलं तेव्हा आम्हाला काही काळजी वाटली नाही. काळजी सुरू झाली ती दोन महिने उरले असताना. अमीनाचं काम करणाऱ्या सातवीतल्या मुलीच्या बहिणीचं लग्न ठरलं, लातूरला, आणि नेमकं त्याच तारखेला. दुसरी मुलगी मिळेना. सिपाही, भिश्ती आणि वकील घेणारे मित्र व्हायला पोरं भांडत होती, पण पांढरे केस करून म्हातारी व्हायला एकही मुलगी तयार नव्हती. शेवटी एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, “आपा, तुम्हीच व्हा ना दादी. तुमचे थोडे पांढरे आहेतच.”

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि हो म्हणून बसलो.

(हे ‘आम्ही’ वाचून कुणी मोठेपणा समजू नये. माहेरी लहानपणापासून ‘हम’ म्हणायची सवय. मराठीत लिहायला बसलं की तेच ‘आम्ही’ होऊन कागदावर उतरतं.)

पहिल्या तालमीचं वर्णन करायला लाज वाटते, पण करतो. शेवटचा प्रसंग होता. हमीद जत्रेतून येतो, दादी त्याला जवळ घेते, हातात चिमटा बघून रागावते, आणि तव्यावरून रोटी उतरवताना तुझी बोटं भाजतात म्हणून हा घेतला, असं तो सांगतो तेव्हा तिला रडू फुटतं. आम्ही कपाळाला हात लावला, पदर डोळ्यांना लावला, आवाज कापरा केला आणि मोठ्यानं हुंदका दिला. मागच्या पोरांनी तोंडावर हात धरले. हमीदचं काम करणारा पाचवीतला मुलगा मात्र हसला नाही, तो घाबरला होता. तालीम संपल्यावर हळूच म्हणाला, “आपा, तुमे रोते ना, तो मेरेकू ऐसा लगता जैसा मेरेकू सबक नै आया.”

त्या रात्री झोप लागली नाही. पोरगं खरं बोललं होतं. आम्ही रडत नव्हतो, रडणं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगत होतो.

मुलांच्या अब्बांच्या ओळखीचे एक सर धाराशिवला राहतात. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेले, आता कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका बसवतात. त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी आणि दोन लेकींच्या सोबतीनं, आम्ही सहा रविवार जाऊन बसलो. ढोकीहून सकाळची एसटी पकडायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत यायचं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बी.एड. होऊन वीस वर्षं लोटल्यावर, पुन्हा बाकावर बसून शिकायची मजा काही और असते. आणि चुकल्याची लाजही.

सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला काहीच करू दिलं नाही. म्हणाले, “मॅडम, नुसत्या उभ्या राहा.” दोन मिनिटं. करून बघा. हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. ओढणी सारखी करावीशी वाटते, घसा खाकरावासा वाटतो, उगाच हसू येतं. वर्गात आम्ही तासन्‌तास उभे असतो, पण तिथं हातात खडू असतो, पुस्तक असतं, समोर पोरांची खोडी असते. काहीच काम नसलं की हात परके होतात. सर म्हणाले, “नवीन माणसाचा पहिला शत्रू म्हणजे त्याचे रिकामे हात. त्यांना काम द्या.”

मग श्वास. उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेवायचं आणि श्वासाबरोबर ते वर-खाली होतंय का बघायचं. आमचं पुस्तक हलेचना, छाती मात्र भात्यासारखी हलत होती. आम्ही इतकी वर्षं गळ्यातून बोलत आलो आहोत. म्हणून गुरुवारपर्यंत आवाज बसतो आणि शनिवारी आम्ही आल्याचा काढा पीत असतो. पोटातून श्वास घेऊन बोललं, तर न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जातो. नाटकाचं काय व्हायचं ते होवो, या एका गोष्टीसाठी प्रत्येक शिक्षकानं हे शिकावं असं आमचं मत झालं आहे.

तिसऱ्या रविवारी सरांनी आमचं दुखणं नेमकं पकडलं. आम्ही त्यांच्यासमोर अमीनाचं एक वाक्य म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही हमीदशी बोलत नाही आहात. तुम्ही चाळीस पोरांना हमीद शिकवताय.” प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजलं का?’ असा सूर. शीन-क़ाफ़ अगदी शुद्ध, कारण उर्दूच्या शिक्षकाची अब्रू त्यातच असते. पण खेड्यातली गरीब म्हातारी ईदच्या पहाटे नातवाशी असं बोलेल का? बराच विचार करून आम्ही एक निर्णय घेतला. अमीना आणि हमीद आपल्या घरातली दखनी बोलतील आणि जत्रेतले दुकानदार मराठी. आपल्याकडच्या उरुसात तसंच तर असतं. धाराशिवला हज़रत ख्वाजा शमशोद्दीन गाज़ींच्या उरुसात खेळणीवाल्याशी घासाघीस आपण कोणत्या भाषेत करतो? मुख्याध्यापकांना आधी हे रुचलं नाही. उर्दू माध्यमाच्या पोरांनी स्टेजवर ‘मेरेकू-तेरेकू’ म्हणायचं? पण भाषा बदलली आणि पोरांचे चेहरेच बदलले. पाठ केलेली वाक्यं म्हणणारी पोरं एकमेकांशी बोलायला लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सरांनी विचारलं, “अमीना काय करते?”

आम्ही म्हणालो, “रडते. काळजी करते. नातवावर जीव लावते.”

“ते सगळं तिला होतं. ती करते काय? पोट कशावर भरते?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. अठरा वर्षं गोष्ट शिकवतोय. प्रश्नोत्तरं लिहून घेतली, ‘हमीदच्या स्वभावाचं वर्णन करा’ दरवर्षी परीक्षेला घातलं. घरी येऊन पुस्तक उघडलं. तिथंच लिहिलेलं होतं. अमीना लोकांचे कपडे शिवते. फहीमनचे कपडे शिवून आठ आणे मिळाले होते, ते ईदसाठी जपून ठेवले होते. दूधवालीचं देणं भागवता भागवता दोन आणे उरले. त्यातले तीन पैसे हमीदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. हिशेबासकट सगळं लिहून ठेवलंय, आणि आमची नजर अठरा वर्षं त्यावरून घसरत आली होती. अमीना म्हणजे आमच्यासाठी दोन डोळे आणि त्यातलं पाणी, एवढंच होतं.

पुढच्या रविवारी सरांनी समोर काही न ठेवता सांगितलं, “सुईत दोरा ओवा.”

सुई नाही, दोरा नाही. हवेतच ओवायचा. आम्ही दोन बोटं जवळ आणली, दुसऱ्या हातानं काहीतरी घुसवल्यासारखं केलं. सरांच्या धाकट्या लेकीनं विचारलं, “काकू, तुमची सुई केवढी आहे?” आमची सुई सब्बलएवढी झाली होती. आणि दोरा ओवल्यावर हात खाली टाकले तेव्हा ती सुई कुठं गेली, तेही आम्हाला सांगता येईना.

त्या दिवशी सरांनी स्तानिस्लावस्कींची गोष्ट सांगितली. मॉस्कोमध्ये १८९८ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर नाट्यसंस्था उभी केली. अभिनय कसा शिकावा यावरचं त्यांचं पुस्तक एका नवख्या विद्यार्थ्याच्या डायरीच्या रूपात आहे. ‘अभिनय साधना’ या नावानं के. नारायण काळे यांनी ते मराठीत आणलं. हा विद्यार्थी पहिल्याच रात्री घरी अथेल्लो व्हायला निघतो. तोंडाला चॉकलेट आणि लोणी फासतो, ट्रेची ढाल करतो, आरशासमोर दात विचकून गुरगुरतो. हे ऐकताना आम्ही खाली मान घातली, आमचा हुंदका आठवला. पुढे एका मुलीला पडद्याच्या घड्यांत टोचलेली पिन शोधायला सांगतात. ती सापडली तरच तुझं शिक्षण सुरू राहील, असं नाटक आहे. मुलगी रंगमंचावर येते, छातीवर हात दाबते, डोकं धरते, पडदा ओढते, कासावीस होते. शाबासकी मिळेल म्हणून खाली येते. गुरुजी विचारतात, पिन कुठाय? ती तर शोधायचीच राहून गेली होती! मग ते सांगतात, जा, शोध, नाही मिळाली तर खरोखरच नाव काढून टाकीन. आता ती एकेक घडी निरखून बघते. ना छाती बडवते, ना डोकं धरते. आणि बघणाऱ्यांचा जीव तिच्यात अडकतो.

सगळं मूळ त्या पिनमध्ये आहे असं आम्हाला वाटतं. भावना दाखवायला गेलं की ती पळते. काम मनापासून केलं तर ती कधी मागून येऊन बसते, कळतही नाही. आपल्याकडच्या भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणारा. आम्ही पांढऱ्या केसांच्या आहार्यापासून सुरुवात करून थेट सात्त्विकावर उडी मारली होती. मधले दोन जिने आम्ही पाहिलेच नव्हते.

अभिनय हा शिकून येतो की रक्तातच असावा लागतो, हा वाद आमच्या शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ रंगला. सरांनी नाव घेतलं ते इब्राहिम अल्काझींचं. जन्म पुण्याचा, १९२५ सालचा. वडील अरब व्यापारी. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी ही त्यांच्या हाताखालची मंडळी. म्हणजे शिस्तीनं, वर्गात बसून ही कला शिकता येते याचा पुरावाच. पण आम्हाला जास्त जवळचे वाटले ते आपल्या शेजारचे अमर शेख. ढोकीच्या जुन्या लोकांना बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी आठवत असेल. लातूरहून निघून ढोकीवरून ती ज्या बार्शीला जायची, तिथं १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल जन्मले. आई मुनेरबींच्या ओव्या आणि गाणी ऐकत वाढले. बसवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, संपात तुरुंगात गेले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. ते कोणत्या विद्यालयात गेले नाहीत. पण १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी केलेला गरीब कुंभार बघा. भाषण नाही, पोवाडा नाही. घरभर लेकरं आणि त्यांची पोटं कशी भरायची या काळजीत बुडालेला बाप. आमचं ढोकी गोरोबाकाकांच्या तेरच्या शेजारचं, कुंभाराचं चाक आम्हाला नवीन नाही. तरी त्या रविवारी चित्रपट पाहिल्यावर मनात आलं, गिरणीत आणि बसवर राबलेला माणूस कष्टकऱ्याचं काम करतो तेव्हा त्याला ‘गरीब दिसायचं’ शिकावं लागत नाही. आम्ही खुर्चीवर बसून पगार घेणारी माणसं. आम्हाला ते कुणाकडून तरी शिकायला लागणार होतं.

आणि ते शिकवणारं माणूस आमच्याच घरात होतं.

आमच्या सासूबाई, अम्मी, या सगळ्या प्रकारावर नाराज होत्या. नाटक वाईट म्हणून नाही. तो प्रश्नही घरात निघाला होता, तो इथं टाळत नाही. शेजारच्या एका खालांनी विचारलं होतं, खोटं रडून दाखवणं शोभतं का? आमच्यापुरतं उत्तर असं होतं की, स्टेजवर फक्त शाळेची मुलं आणि आम्ही, अंगभर कपडे, डोक्यावर ओढणी, आणि समोरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ही गोष्ट आहे. फसवणूक तिथं होते जिथं समोरच्याला माहीत नसतं. दुसऱ्या घरात दुसरं उत्तर निघेल, त्याच्याशी आम्ही भांडणार नाही. पण अम्मींचं म्हणणं ते नव्हतं. त्या एकच वाक्य बोलल्या आणि गप्प झाल्या: “गरीबी क्या हंसने की चीज है, दुल्हन?” लग्नाला बावीस वर्षं झाली तरी आम्ही त्यांच्यासाठी ‘दुल्हन’च आहोत.

तेव्हा ते वाक्य आम्हाला नीट कळलं नाही. अम्मी ऐन तिशीत बेवा झाल्या. मुलांचे अब्बा तेव्हा सहा वर्षांचे होते, नणंद त्याहून लहान. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, लहान पोरांचे झबले, थंडीत गोधड्या, यावर त्यांनी घर चालवलं. हे सगळं आम्हाला माहीत होतं, जसं अमीनाचं शिवणकाम माहीत होतं. म्हणजे पुस्तकात होतं.

आता आम्ही अम्मींकडे बघायला लागलो. चोरून. डोळे अधू झाले तरी त्या अजून बटण लावतात, उसवलेलं टाचतात. सुईत दोरा ओवायला त्या खोलीत बसत नाहीत, उंबऱ्याशी येतात आणि सुई दाराच्या उजेडाकडे धरतात. दोऱ्याचं टोक दातानं तोडतात, ओठांत ओलं करतात, दोन बोटांत चपटं करतात. आणि आम्ही उलटंच करत होतो. त्या दोरा स्थिर धरून सुई त्यावर आणतात. चुकलं की चिडत नाहीत, परत टोक ओलं करतात. ओवलं गेलं की सुई छातीवरच्या कपड्यात टोचून ठेवतात आणि मग कापड उचलतात. तीन-चार दिवस आम्ही भाजी निवडायच्या निमित्तानं समोर बसत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी मान वर न करता विचारलं, “क्या देखरी इत्ता?”

आम्ही खरं सांगितलं. की अमीना शिवते, आणि आम्हाला शिवता येत नाही. की आमची सुई सब्बलएवढी होते.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हातातली सुई आमच्याकडे दिली.

त्या संध्याकाळपासून आमची दुसरी शाळा सुरू झाली. धाराशिवच्या सरांपेक्षा ही कडक. आम्ही तालीम म्हणून बटव्यातले पाच पैसे मोजायला लागलो. एक, दोन, तीन, मग निःश्वास, मग परत एक, दोन. अम्मींनी हात आडवा केला. म्हणाल्या, “जिसके पास होते, वो गिनता. मेरेकू मालूम रहता था कित्ते हैं. गिनने से बढ़ते क्या?” मग म्हणाल्या, बटवा उघडायचाच नाही. नुसता वरून चाचपायचा. आहे एवढं कळलं की बस.

हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं असेल, आम्हाला माहीत नाही.

मग आम्ही गोष्टीतला पहिला प्रसंग वाचून दाखवला. गावातली सगळी पोरं बापाबरोबर ईदगाहला चाललीत, हमीदला बाप नाही, एवढ्या लांब तो अनवाणी जाणार, पाय भाजतील. बरोबर जावं, थकला की कडेवर घ्यावं, असं अमीनाला वाटतं. पण ती गेली तर घरी शेवया कोण शिजवणार? अम्मी ऐकत होत्या. आम्ही विचारलं, तुम्ही काय केलं होतं, पहिल्या ईदेला? त्या म्हणाल्या, शेजारच्या चाचांनी पोराचं बोट धरून नेलं. मी दारात उभी राहिले नाही. “खड़ी रहती तो वो पीछे मुड़ मुड़के देखता. मै अंदर जाको चूल्हा फूंकते बैठी.”

आमच्या नाटकात अमीना दारात उभी राहून दूरवर बघत, पदरानं डोळे पुसत होती. तो प्रसंग दुसऱ्या दिवशी बदलला. आता हमीद ‘दादी, मै सबसे पहले आऊंगा’ असं काहीसं सांगत बाहेर पडतो, आणि अमीना प्रेक्षकांकडे पाठ करून चुलीजवळ बसते. स्टेजवर पाठ करू नये, असं आम्ही पोरांना दहा वेळा शिकवलं होतं. सरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “राहू द्या. नियम नवशिक्यांसाठी असतो, पण कारण सापडलं की मोडायला हरकत नाही.”

पोरांबरोबरही आम्ही थोडं थोडं केलं. समोरासमोर उभं राहून एकानं हात हलवायचा आणि दुसऱ्यानं आरसा व्हायचं. हे पोरांना फार आवडतं, घरी भावंडांना लावून बघा, अर्धा तास घरात शांतता राहील. डोळे मिटून दोन मिनिटं आवाज मोजायचे: एसटीचा हॉर्न, उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं, कुणाच्या तरी घरचा कुकर. दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट न बघता ऐकायचं. हे सर्वांत अवघड. आमचा हमीद स्वतःचं वाक्य ओठांवर घोळवत उभा राहायचा आणि आम्ही काय बोलतोय ते त्याच्या कानांवरच पडायचं नाही. एके दिवशी आम्ही मुद्दाम वाक्य बदललं. पाणी पिलास का, असं विचारलं. तो गडबडला, आणि मग अगदी सहज म्हणाला, “नै पिया दादी, सीधा आया.” तेच पुढे नाटकात ठेवलं. सगळ्या नाटकातलं ते आमचं सर्वांत लाडकं वाक्य आहे, आणि ते ना प्रेमचंदांचं ना आमचं.

संमेलनाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. माईक किरकिरला. एका दुकानदाराची मिशी गळून पडली, तर त्यानं ती उचलून “ही पण घ्या, दोन पैशाला” म्हणून विकायला काढली आणि टाळ्या घेतल्या. दुकानदारानं सहा पैसे सांगितले, पाचावर आला, आणि हमीदनं तीन पैशांत चिमटा मिळवला. घासाघीस ऐकून मागे उभ्या असलेल्या आया मोठ्यानं हसल्या. मग शेवटचा प्रसंग. हमीद धावत आला. आम्ही उजेडाकडे सुई धरून बसलो होतो. दोरा खरा होता आणि तो खरंच ओवला जात नव्हता, कारण हात थरथरत होते, अमीनाचे नाही, आमचे. टोक ओलं केलं, परत धरलं. मंडप गप्प झाला होता. आम्हाला रडायचं आहे हे त्या वेळी आठवणीतही नव्हतं, दोरा जायला हवा एवढंच होतं. हमीद म्हणाला, तवे से तुमारी उंगलियां जलती थीं ना, दादी. आम्ही सुई छातीवर टोचली आणि त्याच्या हातातून चिमटा घेतला. लोखंड थंड होतं. पुढचं आमच्या नीट लक्षात नाही. आवाज मोठा झाला नव्हता एवढं नक्की, कारण मागच्या ओळीतल्या एका सहकारी बाईंनी नंतर सांगितलं, शेवटी काय बोललात ते ऐकूच आलं नाही. पोटातला श्वास अशा वेळी विसरतोच.

अम्मी आल्या होत्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, नणंदेच्या शेजारी बसल्या होत्या. आम्ही स्टेजवरून त्यांच्याकडे बघितलं नाही, बघायचं नाही असं ठरवलंच होतं. कार्यक्रम संपल्यावर हमीदची आई, मुख्याध्यापक, खाला, सगळे भेटायला आले. अम्मी बाहेर रिक्षात जाऊन बसल्या होत्या. घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. रिक्षातून उतरताना एवढंच म्हणाल्या, “बटवा दाएं बाजू को खोंसते. तू बाएं को खोंसी थी.”

रात्री उशीर झाला होता. पोरांना भूक लागली होती. मुलांच्या अब्बांनी गॅस पेटवला, आम्ही पीठ मळायला घेतलं. अम्मी चुलीजवळच्या त्यांच्या पाटावर बसल्या आणि तव्यावर पहिली रोटी टाकली. मग त्यांनी हात मागे करून भिंतीवरच्या खिळ्याकडे नेला. खिळा रिकामा होता. चिमटा आम्ही घरचाच नेला होता, तो शाळेत टेबलावर राहिला होता.

“कल याद से लाना,” असं म्हणून त्यांनी रोटी बोटांनीच उलटली.